अंगठा तिचा नाही

प्रिय आई,

काल कोर्टातून रेणुका सुटली. घरी आले, चपला काढल्या आणि सवयीनं हाक मारली, "आई, ऐकलंस का?" तू गेल्याला दुसरं वर्ष लागलं, तरी ही सवय जात नाही. आत कुणी नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले. जिवंतपणी हा विषय तू मला कधी पुरता बोलू दिला नाहीस. आता ऐकावंच लागेल!

रेणुका कोण, ते आधी सांगते. अक्कलकोटकडची बाई. जुळे सोलापूर भागातल्या एका बंगल्यात धुणीभांडी, झाडलोट करायची. तिथल्या कपाटातून दागिने गेले आणि संशय सरळ हिच्यावर. कपाटाच्या दारावर हिच्या बोटांचे ठसे मिळाले. मग काय, चोर सापडला!

ओळखीचं वाटतं ना?

तुझ्या वेळी, तू धुणीभांडी करायचीस त्या रेल्वे लाइन्समधल्या बाईंची पाटली गेली होती. मी सातवीत होते. ठाण्यात तुझ्या बोटांना शाई फासून एकेक बोट कागदावर लोळवून घेतलं. तू हात पदराखाली धरून घरी आलीस आणि मोरीत बसून रॉकेलनं घासत राहिलीस. शाई निघाली, कातडी सोलवटली, तरी घासतच होतीस. "कपाटावर हिचेच ठसे आहेत," असं साहेब म्हणाले म्हणे. अगं, ते कपाट रोज पुसणारी तूच! दुसऱ्या कुणाचे निघणार होते?

पुढं काहीच शाबीत झालं नाही. खटलासुद्धा उभा राहिला नाही. पाटली सापडली नाही ती नाहीच. पण तुझी सगळी घरं सुटली. विहारात वंदनेला गेलो की बायका तुझ्याशेजारी थोडी जागा सोडून बसायच्या. मग तू टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला लागलीस आणि परत कुणाच्या घरात कामाला म्हणून पाऊल टाकलं नाहीस.

मी तेव्हा विचारलं होतं, "आई, त्या मालकिणीचे ठसे घेतले का गं?"

"गप बस की," तू म्हणालीस. "त्येंच्याच घरात त्येंची बोटं कशाला बगत्यात? आपल्यासारख्यानी लई तोंड उगडायचं न्हाय."

मला राग आला होता. पोलिसांचा आला, त्या बाईंचा आला, पण सगळ्यात जास्त तुझा. खरं सांगते, अजूनही येतो. एकदा, फक्त एकदा, का नाही म्हणालीस, "माजी घेतली, आता त्येंचीबी घ्या"?

मी सायन्सला गेले, परीक्षा दिल्या आणि ठशांच्याच खात्यात लागले, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायचीस, "लेक सरकारी हापिसात हाय." कसल्या? "कागदाच्या!" हसायला यायचं मला. टोचायचंही.

एक दुपार मात्र आठवते. तू शेंगा फोडत होतीस. मी तुझा हात ओढून बोटं बघायला लागले. लहानपणी तू माझ्या बोटांवरची चक्रं मोजायचीस आणि म्हणायचीस, "पाच चक्रं! राज करशील." मी तुला सांगितलं की आमची पुस्तकंही तशीच वाटणी करतात. रेघा एका बाजूनं येऊन वळून परत त्याच बाजूला गेल्या की शंख, गोल फिरल्या की चक्र, नुसत्याच उंचावून पलीकडं गेल्या की कमान. "म्हंजे तुमीबी चक्रंच मोजताय व्हय? त्येचा पगार?" तू म्हणालीस!

मग मी भिंग आणलं. चक्र तर कितीतरी जणांना असतं, ती फक्त ढोबळ वाटणी. माणूस ओळखायचा तो बारीक खुणांवरून. एखादी रेघ मध्येच कुठं संपते, कुठं तिला फाटा फुटतो, कुठं नुसता ठिपका राहतो. ही नक्षी पोटात असतानाच तयार होते आणि मरेपर्यंत तीच राहते. तू भिंगातून बराच वेळ बघत होतीस.

"म्हंजे माज्या पोटात आस्तानाच तुजी रेघ येगळी?"

"व्हय."

"बरं झालं," तू म्हणालीस आणि परत शेंगा फोडायला लागलीस. काय बरं झालं गं? तेव्हाच विचारायला हवं होतं.

तर रेणुकाचं ऐक. कपाटाच्या दारावरचे ठसे पावडर फिरवून उठवले होते. ते तिचेच होते, मी स्वतः जुळवले. पण आतल्या चोरकप्प्यात दागिन्यांची रिकामी प्लास्टिकची डबी होती. ती आम्ही बंद पेटीत ठेवून तिला झटपट चिकटणाऱ्या डिंकाची वाफ दिली. अशा वाफेनं न दिसणारे ठसे पांढरे होऊन वर येतात. डबीच्या झाकणावर एक अख्खा अंगठा उमटला. स्वच्छ, गोल चक्र!

आणि रेणुकाच्या दहाही बोटांवर शंख. एकसुद्धा चक्र नाही! आई, याला भिंगही लागत नव्हतं. तरी मी लावलं. परत परत बघितलं, कारण मला माझीच भीती वाटत होती. मी हिच्यात तुला बघतेय की काय? म्हणून दुसऱ्या तज्ज्ञांनाही दाखवलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि मान हलवली. "नाही, हिचा नाही."

तपास करणारे अधिकारी माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, कपाटावरचे जुळले ना? तेवढं लिहा. डबीवरचा पुसट आहे म्हणून सोडून द्या."

"पुसट नाही, साहेब. इतका चांगला ठसा क्वचित मिळतो. आणि घरातल्या माणसांचे ठसे मागितलेत मी, ते अजून आलेले नाहीत."

"त्यांच्याच घरात चोरी, आणि त्यांनाच शाई लावू? मोठी माणसं आहेत ती." मग थोडं वाकून हळूच म्हणाले, "तुम्हाला त्या बाईचा एवढा कळवळा का?"

"कळवळ्याचा प्रश्नच नाही," मी म्हटलं. "अंगठा तिचा नाही."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. वरून फोन आला, अहवाल "आटोपशीर" करा म्हणून. मी नाही केला! दोन्ही गोष्टी लिहिल्या, सही केली आणि पाठवला. घरकामवालीसाठी एवढं कशाला अंगावर घेता, असं हसत विचारणारेही भेटले. मी पुढची फाइल उघडायची. माझी आई कोण होती हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला ते तिथं वापरायचं नव्हतं.

साक्षीचा दिवस आला. मी पिंजऱ्यात उभी, समोर रेणुका भिंतीला टेकून. सरकारी वकिलांनी विचारलं, "कपाटावरचे ठसे आरोपीच्या बोटांशी जुळतात?"

"जुळतात."

"बास, एवढंच."

रेणुकाचे डोळे भरले. तिच्या बाजूचा वकील नवखा, कागद चाळत बसलेला. तो काही विचारेल असं दिसेना. मी खाली उतरले नाही. न्यायाधीश बाईंकडं वळले.

"मॅडम, माझ्या अहवालाचा अर्धा भाग राहिलाय. परवानगी असेल तर सांगते."

सरकारी वकील उठले. "साक्षीदारानं विचारलेल्या प्रश्नाचंच..."

"सांगू द्या त्यांना," मॅडम म्हणाल्या.

आई, मी अहवाल उघडून समोर धरला. मी म्हटलं, "ही बाई ते कपाट रोज पुसायची. तिचे ठसे तिथं नसते तर मला नवल वाटलं असतं. ठसा कुणाचा ते मी सांगू शकते. तो काल उमटला की महिन्यापूर्वी, ते असं बघून कुणालाच सांगता येत नाही. आणि डबीवरचा अंगठा या बाईचा नाही."

"मग कुणाचा?"

"घरातल्या माणसांचे ठसे मागवले होते, मॅडम. आलेच नाहीत."

ते आणायचा हुकूम तिथंच झाला. बंगल्यातली सगळी माणसं आमच्या ऑफिसात आली. मालकीणबाई बोटं आखडून बसल्या होत्या. "आमच्याच घरात चोरी झाली आणि आम्हीच चोर का?" मी म्हटलं, "बाई, हात सैल सोडा, नाहीतर ठसा फिसकटतो." आणि त्यांची दहाही बोटं मी स्वतः कागदावर लोळवली. तुझी लोळवली होती, अगदी तशीच.

डबीवरचा अंगठा त्यांच्या भाच्याचा निघाला. कपाटाच्या त्या खोलीत आपण कधी गेलोच नाही, असा जबाब त्यानं पोलिसांना दिला होता.

काल निकाल लागला. रेणुका निर्दोष. बाहेर व्हरांड्यात तिनं मला गाठलं. आभार वगैरे काही नाही. माझा हात घट्ट धरून तिनं एकच विचारलं, "अक्का, मालकीणबाईची पन बोटं घेतली व्हय?"

"घेतली की. घरातल्या सगळ्यांची."

ती हसली गं! कोर्टाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता हसली. आणि मी तिथं उभ्या उभ्या तुझ्यावरचा राग थोडा सोडला. थोडाच, हं! तुझ्या शब्दामागं तेव्हा कोण उभं राहणार होतं? ना वकील, ना अहवाल. घरात एक सातवीतली पोर.

आता भाच्यावर खटला उभा राहतोय. दागिने अजून मिळालेले नाहीत. कालपर्यंत "पुसट आहे" म्हणणारे तेच अधिकारी आज टेबलाशी आले. "मॅडम, आता सोडू नका त्याला. चांगला अडकवा." खोटं कशाला बोलू, मलाही मोह होतोय. रेणुकाच्या घरची चूल किती दिवस थंड होती ते मी ऐकलंय.

पण आई, तुला शब्द देते. त्याच्या खटल्यातही मी डबीवरचा अंगठा त्याचा आहे एवढंच सांगेन. तो कधी उमटला ते मला माहीत नाही आणि दागिने कुणी नेले तेही माहीत नाही, हे सरकारी वकिलांच्या तोंडावर सांगेन. ते चिडले तर चिडू देत, माझी बदली झाली तर होऊ दे. नुसत्या ठशावरून कुणी चोर ठरत नाही, हे जे तुझ्यासाठी कुणी म्हटलं नाही, ते मी त्याच्यासाठीसुद्धा म्हणणार!

तोंड उघडायला शिकलेली तुझी लेक,
वैशाली