वासुकीच्या शेपटीवरचा हात

६ मे, मंगळवार

फोन आला. मधुवंती म्हात्रे म्हणून कोणी मुलगी. एक्सरला त्यांची दीडशे वर्षांची वाडी आहे, भाजीची, अजून विहिरीच्या पाण्यावर चालते. तिथे सतरा तारखेला लोकगीतांची संध्याकाळ ठेवलीय. ‘काका, शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबाचे जुने शाहीर हवेत. तुम्ही तुऱ्याकडून या ना.’

शक्तीकडून कोण, विचारलं. ‘विक्रोळीचे बाळा शाहीर.’

हो म्हणून टाकलं. चहा केला, प्यायलाच नाही.

७ मे

बाळा आणि मी विक्रोळीच्या चाळीत भिंतीला भिंत. कारखाना एकच. गाणं मात्र समोरासमोर — तो शक्ती, मी तुरा. २००३ साली मला इथे चारकोपला खोली लागली, आणि त्याच महिन्यात त्याने भर बारीत, गाण्याच्या सामन्यात, सवाल टाकला: समुद्रमंथनात वासुकीच्या शेपटीवरून पहिला हात कोणत्या देवाने सोडला? मला जवाब आला नाही. लोक हसले.

आमच्यात रिवाज आहे. हरलेल्याने नारळ घेऊन जिंकणाऱ्याच्या घरी जायचं, जवाब मागायचा. मी गेलो नाही. जवाब मीच शोधीन, तोवर तुझं तोंड बघणार नाही, असं स्टेजवरून बोलून बसलो. बावीस वर्षं झाली. माज, दुसरं काय!

१० मे, शनिवार

इथे खरं लिहितो. जवाब सापडलेला नाही. पोथ्या पालथ्या घातल्या, कीर्तनकारांना गाठलं, लायब्ररीवाला तर मला बघितलं की उठून आत जातो. शेवटी काल मीच रचला — सूर्याने सोडला. दिवस मावळायला आला, त्याला जावंच लागलं. चालही झकास बसलीय. पण खरा जवाब बाळाला ठाऊक आहे. सगळ्यांसमोर त्याने पकडलं तर वाट लागली माझी.

११ मे, रविवार

श्रुतिकाचा चेंबूरहून फोन. ‘पप्पा, जेवलात ना?’ हो म्हटलं. गाण्याचं सांगणार होतो, तेवढ्यात तिच्या दारावर कोणीतरी आलं. तिची आई राधा गेल्यापासून माझं बोलणं असं अर्धंच राहतं.

१४ मे

दिवसभरात एकच शब्द बोललो. लिफ्टमध्ये. ‘ग्राउंड.’

१८ मे, रविवार

काल झालं. चिंचेखाली सतरंज्या, बाजूच्या वाफ्यांना नुकतं पाणी दिलेलं, मातीचा गारवा येत होता. बाळा आला — काठी टेकत, पुढचे दात गेलेले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही. त्याच्या सुनेने, अनुपमाने ढोलकी धरली. काय धरली! माझी बारी आली तेव्हा मी सूर्य गायलो.

मग सगळे बाळाकडे बघायला लागले. तो काठी टेकत उठला. ‘बरोबर आहे. हाच जवाब. मी हरलो.’

टाळ्या पडल्या. मी वळून बघेपर्यंत तो रिक्षात बसून गेला होता.

जिंकलो. घरी येऊन तसाच खुर्चीत बसून राहिलो. बावीस वर्षं सकाळी उठायला निदान एक काम होतं, आता तेही नाही. आणि तो खोटं का बोलला? दया केली माझ्यावर? त्याची दया नकोय मला.

२० मे, मंगळवार

नारळ घेऊन विक्रोळीला गेलो. बाळा आणि त्याची बायको, दोघंही घरीच होती. दारातच सांगितलं — जवाब माझा रचलेला आहे, खरा काय तो सांग.

बाळा म्हणाला, ‘खरा कुठला, नंद्या? सवालच मी रचलेला. तू चारकोपला चाललास. म्हटलं, जवाब मागायला तरी येत राहशील. वर्षभर दर रविवारी हिला तुझ्यापुरता भात जास्त टाकायला लावत होतो. मग हीच म्हणाली, पुरे आता, सोमवारी शिळा मलाच खावा लागतो.’