पाच स्पीकर, एक खुर्ची

१२ जुलै
मार्चनंतर आज लिहितो आहे. वहीची माफी मागावी का, यात थोडा वेळ गेला. मागतो.
तारकर्लीतल्या आमच्या, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दोन्ही खोल्या पावसामुळे बंद. दिव्या आरोंद्याला माहेरी गेली आहे. सासूबाईंचा पाय दुखतो म्हणून, चार दिवसांसाठी. ती येईपर्यंत हॉलमधले पाचही स्पीकर अचूक जागी बसवायचे, असा संकल्प. मग दोघांनी एक सिनेमा शेवटपर्यंत बघायचा. तेवढं जमलं की बाकीचं मार्गी लागेल. बाकीचं काय, ते लिहीत नाही.

१३ जुलै
माहितीपुस्तिकेप्रमाणे मागचे दोन स्पीकर कानांच्या किंचित मागे, एकशे दहा अंशांवर हवेत. कोनमापक घेऊन बसलो. उजवा स्पीकर बरोबर स्वयंपाकघराच्या दारात येतो. दिव्या होती तेव्हाही तिथेच यायचा. ती म्हणाली होती, हातात आमटीचो टोप घेवन ह्या वायरीवरसून मी किती दिस उडये मारू? तेव्हा मी तो शंभर अंशांवर आणला होता. तरी दारच. आज पुन्हा एकशे दहावर नेला.
पण दहा अंश माघार मी घेतली होती. न्यायासाठी ही नोंद.

१७ जुलै
मूळ अडचण अशी की सगळं मोजमाप एकाच खुर्चीसाठी असतं. मधल्या. तिथे बसलं की आवाज चहूबाजूंनी येतो. शेजारी बसणाऱ्याला जवळचा एकच स्पीकर ऐकू येतो. शेजारी दिव्या बसायची. एकदा म्हणाली, माका पिच्चरातलो नुसतो पाऊस ऐकाक येता, तो भायर फुकट पडता. तेव्हा हसायला हवं होतं. मी आवाजाची पातळी तपासत होतो.
निर्णय: मधली खुर्ची यापुढे तिची. स्पीकर तिच्या कानांच्या उंचीला लावायचे. उंची अंदाजाने धरली. इतक्या वर्षांनंतरही नक्की येत नाही, हे विचित्र वाटलं. फार नाही.

२४ जुलै
चार दिवस उलटून गेले. सासूबाईंना फोन करून पायाची चौकशी केली. त्या म्हणाल्या, पाय? खंयचो पाय? माझे दोनय पाय बरे आसत, आताच सड्यावर चढान इलंय.
म्हणजे पाय बरा झाला. चांगली बातमी. आता दिव्या कधीही येईल.

२ ऑगस्ट
गणपतीच्या शाळेतून मूर्तिकार परशुरामचा फोन. नागपंचमीच्या आत आपला पाट त्याच्याकडे पोचवायचा आणि त्याच पाटावर त्याने मूर्ती घडवायची, ही आमच्या घरची रीत. तो म्हणाला, सगळ्यांचे पाट इले, तुमचो खंय आसा? गणपतीक यंदा उभोच ठेवतलास काय?
पाट खर्जाच्या सबवूफरखाली होता. शिसवी लाकूड. त्यावर ठेवल्यापासून जमिनीचा गुणगुणाट थांबला होता, हे खरं. लगेच काढला, पुसला, नारळ ठेवून नेऊन दिला. पुसला तरी सबवूफरच्या पायांचे चार गोल डाग राहिले आहेत. परशुरामने डागांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

३ ऑगस्ट
लपवणं बरं नव्हे म्हणून दिव्याला फोन करून पाटाचं सांगितलं. ती म्हणाली, माका नाय तर नाय, देवाक तरी इचारूक होया होता.
चतुर्थीला येणार आहे. हॉल मात्र मोकळा हवा, म्हणाली. हा होकारच आहे.

२५ ऑगस्ट
पडदा, सबवूफर, चार स्पीकर काढले. शेजारचा चुलतभाऊ गंगाराम गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला आला होता. म्हणाला, थेटर बंद पडला काय रे? मी म्हटलं, तात्पुरतं.
दारातला स्पीकर ठेवला. त्याचा कोन फार कष्टाने जमला आहे. पाचात एक म्हणजे हॉल मोकळाच म्हणायचा.

२७ ऑगस्ट
दिव्या काल आली. आज गणपती बसला. नैवेद्याचं ताट घेऊन ती वायर ओलांडून आली. काही बोलली नाही. दुपारी पुन्हा ओलांडली. तेव्हाही नाही.
प्रगती आहे.

३१ ऑगस्ट
संध्याकाळी विसर्जन. परत आल्यावर सगळे स्पीकर पुन्हा लावले आणि दिव्याला मधल्या खुर्चीत बसवलं. कान माझ्या अंदाजापेक्षा चार बोटं खाली निघाले. स्पीकर खाली घेतले. ती तोवर हलली नाही.
सिनेमा लावला. मी शेजारी. मला उजवा मागचा तेवढा ऐकू येत होता.
अर्ध्यात ती म्हणाली, आवाज बरो आसा. मग त्याच स्वरात म्हणाली, मी आता थंय आवशीकडेच रवतलंय. ब्लाउज शिवूची कामा गावतत. रागान सांगणंय नाय.
मी बरं म्हटलं. ती बोलत असताना सिनेमा थांबवायला हवा होता, हे नंतर सुचलं.

१ सप्टेंबर
सकाळच्या एसटीने गेली. गंगारामने विचारलं, वयनी परत कधी येतली? मी म्हटलं, बघू.
जाताना म्हणाली, शिलाई मशीन तेवढी पोचवा. मशीन हॉलच्या डाव्या कोपऱ्यात असते. म्हणजे ती हलली की डावा मागचा स्पीकर पहिल्यांदाच पूर्ण एकशे दहा अंशांवर बसेल. इतके महिने तीच एक उणीव होती. समाधान वाटायला हवं. थोडा वेळ वाट पाहिली.
मशीन गाडीच्या डिकीत मावते का, मोजून बघितलं. मागची सीट पाडली की मावते.

उद्या: मशीन आरोंद्याला पोचवणे.