ओव्हनमधला गिअर

सोमवार, ३ मार्च
संकल्प: गाडीचं इंजिन या आठवड्यात स्वतः बांधायचं. रविवारी हिला घेऊन चक्कर. ऑफिस बंद पडल्यापासून घरीच आहे, तेव्हा वेळेचा प्रश्न नाही. मिस्त्री म्हणाला होता, गॅरेजला सोडा. नाही सोडली. इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, जेवणाच्या टेबलावर ठेवलाय. ही म्हणाली, आता केक कुठे सजवू? तात्पुरतं आहे, म्हटलं. हिच्या केकच्या ऑर्डरी सध्या जोरात आहेत. घर त्यावर चालतं, असं नातेवाईक म्हणतात. मी म्हणतो, हातभार लागतो.

मंगळवार, ४ मार्च
गिअर पेट्रोलने धुवायचा होता. बसून राहिलो. हल्ली काही वाटत नाही, वाईटसुद्धा नाही. उद्यापासून पहाटे उठणे.

बुधवार, ५ मार्च, सकाळी साडेदहा
आत्ताच उठलो. मिस्त्रीला फोन केला. सल्ल्यासाठी नाही, सहज. म्हणाला, टायमिंग गिअर थंड असताना क्रँकशाफ्टवर जात नाही. तापवायचा, फुगला की झटकन सरकवायचा. निवला की जाम. म्हणून खुणेची बाजू बाहेर ठेवा. ती खूण कॅमशाफ्टच्या गिअरवरच्या खुणेशी जुळवायची, नाहीतर इंजिन चालायचं नाही. मला हे माहीत होतंच. प्रश्न एवढाच, की तापवायचा कशात? गॅसवर एकसारखा तापत नाही. हिच्या ओव्हनला मात्र तापमानाचा काटा आहे.
हिला शनिवारी कोपऱ्यावरच्या कॅफेवालीला केक चाखवायचाय. आवडला तर रोजची ऑर्डर. झोपेतसुद्धा तेच बोलते. मी ऐकतो असं तिला वाटतं.

गुरुवार, ६ मार्च
ही सामान आणायला गेली तेवढ्यात उरकून घेतलं. गिअर धुवायचा राहिलाच होता, त्यामुळे ओव्हनमधून थोडा काळा धूर. खिडक्या उघडल्या. हातमोजे हिचेच वापरले. गिअर असा सरकला की बघत राहावं. कित्येक महिन्यांनी छातीत काहीतरी हललं. चहा होईपर्यंत गेलं. हिला सांगितलं नाही. रविवारी एकदम दाखवू.

शुक्रवार, ७ मार्च
खूण दिसेना. मागून आरसा धरून पाहिलं. आतल्या बाजूला आहे. हातोडीने ठोकलं, हलत नाही. म्हणजे बसवलाय पक्का. खुणा नवशिक्यांसाठी असतात, मी अंदाजाने जुळवेन.
संध्याकाळी हिने केक भाजला. सर्दीने नाक बंद, तरी म्हणाली, कसला तरी वास येतोय का? शेजारी रंगकाम काढलंय, असं सांगितलं. उगाच तिच्या डोक्याला ताप नको.

शनिवार, ८ मार्च
कॅफेवालीने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला म्हणे. विचारलं, तुम्ही केक गॅरेजमध्ये करता का? ही घरी आली ती सरळ ओव्हन उघडून आत डोकं घालून बसली. यात काय ठेवलं होतं, म्हणाली. गिअर, म्हटलं. एकदाच.
"काल विचारलं तेव्हा रंगकाम म्हणालात."
मी समजावलं, की ओव्हन रिकामाच तापवला की वास उडून जातो. ती अंधार पडेपर्यंत सोडा लावून घासत होती. मदत करावी असं मनात होतं, पण उठणं झालं नाही. तिचे खांदे हलत होते. घासताना हलतातच.

रविवार, ९ मार्च
हिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. ओव्हन नेला, पाठोपाठ हीसुद्धा गेली. एक बाजू मी धरली, जिन्यात वळवताना सूचनाही मीच दिल्या. मेहुणा एक अक्षर बोलला नाही. माणूस पहिल्यापासून घुमाच. चक्कर रद्द. तिलाही थोडा बदल हवाच होता.

गुरुवार, १३ मार्च
मिस्त्री बघून गेला. म्हणाला, गिअर कापूनच काढावा लागेल. जमवतो, म्हटलं.
संध्याकाळी हिचा फोन. कॅफेवालीने पुन्हा चाखला, आवडला, ऑर्डर मिळाली. आवाज इतका हलका होता की आधी ओळखूच आला नाही. अभिनंदन केलं. मनापासून केलं असावं. मग विचारलं, परत कधी येतेस?
"ऑर्डर रोजची आहे," ती म्हणाली.
बरं, म्हटलं. फोन ठेवल्यावर रडू येईल म्हणून तसाच बसून राहिलो. आलं नाही. आता इंजिनाची घाई नाही, सावकाश करता येईल.