बाराशे टनांच्या क्रेनखाली

डिंगोरे,
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९

प्रिय सोपान,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धड आहेत. निरगुडसरला आई ठणठणीत आहे. परवाच ती बांधावरून शेजारणीशी भांडली आणि जिंकली, यावरून काय ते समज. अश्विनीची दहावी तोंडावर आलीय आणि सूरज अभ्यास सोडून बाकी सगळं करतो. झाल्या बातम्या. आता खरं सांगते, मी घाबरले आहे. तुझी अक्का उगाच घाबरणारी नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? लहानपणी तू विहिरीत पाडलेली बादली काढायला मीच उतरायचे आणि तू वरून रडायचास. पण येत्या सोमवारी, पंधरा तारखेला, तुझे दाजी त्या नव्या क्रेनवर बसून सहाशे टनांचं धूड उचलणार आहेत आणि तू, माझा पाठचा भाऊ, खाली उभा राहून त्यांना हातानं खुणा करणार आहेस. तो सोमवार डोक्यातून जात नाही.  हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच, दाजींच्या समोर नको.

त्या क्रेनचा फोटो यांनी मागच्या आठवड्यात पाठवला. मागे यांच्याच अक्षरात सगळी महती लिहिलीय. बाराशे टन उचलते, जगात अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, परदेशातून सुटी करून बोटीनं आणली, बंदरापासून साइटपर्यंत नव्वद ट्रेलर लागले, जोडायलाच सव्वा महिना गेला. ज्या लोखंडी पट्ट्यांवर ती चालते त्यांतला एकेक आपल्या घराहून लांब. मागे तोल सांभाळायला लोखंडाचे ठोकळे रचलेत, ते मी मोजायला गेले आणि कंटाळून सोडून दिले. आख्खं गाव फोटो बघून गेलं. शेजारच्या भागूनं तर विचारलं की एवढी मोठी आहे तर ती चालवायला किती माणसं लागतात. मी ऐटीत सांगितलं, एकच, आमचे हे. मग मला फोटोच्या खालच्या कोपऱ्यात पेनानं काढलेला बाण दिसला. बाणापुढं पिवळं टोपडं घातलेला एक ठिपका आणि बाजूला लिहिलंय, ‘सोपान’. यांनी कौतुकानंच लिहिलं असणार. मी तो फोटो ट्रंकेत घातला आणि वर दोन लुगडी टाकली.

तुला या कामाला मीच लावलं. खोडदला दुर्बिणीच्या डिशा उभ्या राहत होत्या ते दिवस आठवतात ना? हे तिथं क्रेनवर होते. आजूबाजूच्या गावांतले लोक भाकऱ्या बांधून डिश वर जाताना बघायला यायचे आणि ‘भिमाजी ऑपरेटर’ म्हटलं की चहाचे पैसे कुणी घ्यायचं नाही. तू दहावीला दुसऱ्यांदा गटांगळी खाऊन घरी बसला होतास. मीच यांच्या मागे लागले की त्याला सोबत न्या. आईला ते पसंत नव्हतं. ‘वर बघून काम करायचं म्हंजी पायाखाली काय हाय त्ये दिसायचं न्हाई. मला न्हाय पटत,’ असं म्हणाली होती. मी तिला झाडलं. म्हटलं, वर बसलेला माणूस त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, याहून जास्त काळजी कोण घेणार? मग तुम्हा दोघांची तालीम आमच्याच अंगणात झाली. तू ओट्यावर उभा राहून हात हलवायचास आणि हे बाजेवर बसून नसलेले दांडे ओढायचे. दोघांना वेड लागलंय असं म्हणत मी पोटभर हसले होते.

आता दिवाळीची गोष्ट. तू लंगडत आलास. पायाचा अंगठा ठेचला होता, नख गेलं होतं. तू रंगवून सांगितलंस की लोखंडी तुळई खाली घेताना तुझीच खूण चुकली, हात थोडा उशिरा वर केला, तुळई तीन वीत तुझ्या अंगावर आली. साइटवर तुला लेखी ताकीद मिळाली आणि दाजींनी साहेबापुढं तुझी बाजू घेतली, म्हणून तू त्यांचे गुण गात होतास. हे करंजी मोडत बसले होते, खात नव्हते. मला वाटलं, मेव्हण्याच्या चुकीनं वरमलेत. तुला मी चेष्टेनं म्हटलंसुद्धा, की शाळेत उजवा-डावा कळला नाही तो अजून कळत नाही. सोपान, ती चूक तुझी नव्हती. तुझा हात वेळेवर वर गेला होता. तो त्यांना दिसला नाही.

लिहिलं एकदाचं. आता उरलेलंही लिहिते, मग मला काय म्हणायचं ते म्हण. पौषात हे सुट्टीवर आले तेव्हा आम्ही आण्याच्या जत्रेला गेलो होतो. आमटी-भाकरीच्या पंगतीत वाढपी बादली घेऊन आला, यांनी पातेलं पुढं केलं, आणि ते केलं वीतभर भलतीकडं. उकळती आमटी यांच्या मांडीवर सांडली. लोक वाढप्यावर ओरडले. पण मी शेजारीच बसले होते, मी बघितलं होतं. मग मागचंही एकेक आठवायला लागलं. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा. सूरज डावीकडून आला की दचकायचे. तांब्यातलं पाणी माझ्या ओंजळीत न पडता पायावर पडायचं, आणि मला वाटायचं, लाडात आलेत. दुसऱ्या दिवशी त्यांचा जीव खाऊन मी त्यांना नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. डावा डोळा गेलाय, दोन वर्षं झाली असतील म्हणाले. उजव्याला समोरचं दिसतं, कडेचं जवळजवळ नाही, आणि तोही चाललाय. डॉक्टर म्हणाले, मोटारसायकलसुद्धा चालवायची नाही. हे काय काम करतात ते त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. शेतकरी म्हणून नाव घातलं होतं.

बाहेर आल्यावर हे उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभे राहिले आणि डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाले, घरी गेल्यावर चुलीत घाल. मी घातली नाही, देव्हाऱ्यातल्या कागदाखाली सरकवली. का ठेवली ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. पण ठेवली म्हणून मला शहाणी समजू नकोस, कारण पुढं जे केलं ते ऐक. नव्या क्रेनसाठी डोळ्यांची तपासणी होणार होती. साइटच्या दवाखान्यात भिंतीवर तोच तक्ता वर्षानुवर्षं टांगलेला आहे, तसाच नारायणगावलाही होता, हे यांच्या लक्षात आलं होतं. अश्विनीला चष्मा लागलाय का बघू, या निमित्तानं आम्ही तिला पुन्हा तिथं नेलं आणि सगळी इंग्रजी अक्षरं वहीत उतरवून घेतली. मग मी ती भिंतीवर लिहिली, हातात लाटणं घेऊन एकेका अक्षरावर ठेवायचे, आणि हे डोळे मिटून ओळीनं म्हणायचे. वरून खाली, खालून वर. चुकले की मी रागवायचे. चार दिवसांत पाढे पाठ व्हावेत तसा तक्ता पाठ झाला. किराणा दुकानातल्या फोनवर ‘पास’ असा निरोप आला त्या दिवशी मी पुरण घातलं. मी, तुझी सख्खी बहीण, पुरण वाटत होते आणि तू त्यांच्या खाली उभा राहणार हे मला माहीत होतं.

असं का केलं विचारशील. तो माणूस घरी कसा बसेल, याचंच मला जास्त भय वाटलं. वीस वर्षं ज्यानं वर बसून खाली बघितलं तो उद्यापासून टोमॅटोला काठ्या बांधेल, आणि त्याही चुकीच्या जागी रोवेल, हे मला बघवणार नव्हतं. जाण्याच्या आदल्या दिवशी मी रडले. तेव्हा हे म्हणाले, ‘येडी हायेस का? वॉकीटॉकी हाय आन् खाली सोपान हाय. सोपान म्हंजी माजा डोळाच हाय. त्याच्याबिगर मी हूकला हात लावत न्हाई.’ ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तुलाही वाटत असेल की दाजी दुसऱ्या कुणाच्या खुणेवर काम करत नाहीत तो तुझा मान आहे. मान आहेच. पण तू अडखळलास, ऊन तुझ्या तोंडावर आलं, वॉकीटॉकीत खरखर झाली, तर वर बसलेल्या माणसाकडं दुसरं काहीही नाही. हे साहेबांना माहीत नाही, आणि खाली उभ्या तुलाही माहीत नव्हतं.  काल दुकानातलं पोरगं फोनचा निरोप घेऊन आलं तेव्हा मी जातं सोडून उंबऱ्यापर्यंत धावले. निरोप खताच्या गाडीचा होता.

फोन का केला नाहीस म्हणशील. तुमचा फोन ऑफिसात, आणि डिंगोऱ्याहून फोन म्हटला की बोलवून आणतात यांनाच. म्हणून शनिवारीच मी एक पत्र लिहिलं होतं. हे नव्हे, दुसरं. त्यात आई अत्यवस्थ आहे, असशील तसा निघून ये, एवढंच होतं. धडधाकट आईला मी आजारी पाडलं आणि तिची मनात क्षमा मागितली. तू सोमवारी तिथं नसलास म्हणजे झालं, इतकाच माझा विचार होता. तुमच्या साइटवरचा शाहनवाज बाळाला बघायला जुन्नरला आला होता, बुधवारी परत निघणार, म्हणून आज सकाळी ते पत्र त्याच्या हाती द्यायला गेले. त्याच्या बायकोला, सिताराला, चाळीस दिवसांची मुलगी आहे, अलिझा नाव ठेवलंय. तिनं मला बसवलं, पोर मांडीवर दिली, शिरखुर्मा दिला. मी शाहनवाजला म्हटलं, सोपानला घरी यावं लागेल. आईचं ऐकून तो हळहळला, आणि मग न राहवून म्हणाला, ‘आक्का, वाईट वाटून घिऊ नका, पण सोपानभाऊ न्हाई म्हंजी खुणा करायला मीच. भिमाजीभाऊ नको म्हणलं तरी साहेब थांबायचा न्हाई. एवढ्या मोठ्या क्रेनखाली हुबं ऱ्हायला मिळायचं म्हंजी लई झालं.’ सितारा म्हणाली, ‘दुवा करा आक्का, ह्येंना चान्स मिळू द्या.’ तिची पोर माझं बोट धरून झोपली होती. मी पत्रात एक लिहायचं राहिलं असं सांगून पाकीट परत मागून घेतलं आणि एसटीत बसल्यावर त्याचे तुकडे केले.

म्हणून हे दुसरं. डॉक्टरांची चिठ्ठी आत घातली आहे, घडी जपून उलगड. ती सोमवारच्या आत साहेबांपुढं ठेव. तू रजा घेऊ नकोस, आणि दाजींवर माया आहे म्हणून चिठ्ठी खिशात ठेवू नकोस. माझीही माया आहे. कुणी सांगितलं असं त्यांनी विचारलं तर दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नकोस, सरळ सांग, लंकानं. ते माझ्याशी बोलणार नाहीत. किती दिवस, ते मला माहीत नाही, बहुतेक कधीच नाही. उद्या सकाळी शाहनवाजची कल्याण गाडी आपल्या फाट्यावर थांबेल, तेव्हा खिडकीतून हे पाकीट मी त्याच्या हातात देईन. हे दिलं की त्याला क्रेनखाली उभं राहायला मिळणार नाही, हे त्याला कळणार नाही. तो हसून घेईल आणि आईची तब्येत विचारेल. मी सांगीन, उतार आहे.

तुझीच, तुझ्यापासून हे लपवणारी,
लंकाअक्का