टोप क्रमांक सात

वाटूर, ता. परतूर
मंगळवार

चि. राजानंद यास,

सप्रेम जयभीम. तुझी तब्येत ठणठणीत असणारच. दुसऱ्याच्या घरात काडी लावून माणूस निवांत झोपतो आणि झोपेने तब्येत सुधारते. इकडे तुझी ताई बेबीनंदा खुशाल आहे, तुझी भाची प्रीती तीन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, आणि तुझा हा दाजी रागारागाने पत्र लिहितो आहे. (फोन केला असता, पण फोनवर तू रेंजचं निमित्त सांगून सुटतोस.)

तू मुंबईच्या स्टुडिओत जुन्या सिनेमांचे फोटो पुसून कॉम्प्युटरवर चढवतोस, हे चांगलंच आहे. त्यात त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या ऐतिहासिक सिनेमाचं पाकीट सापडलं आणि त्यातून मी निघालो, याचा मला आनंदच व्हायला हवा होता. पण शहाण्या, पाकिटात माझे अकरा पोशाख! सेनापतीच्या चिलखतात मी आहे, दिवाणाच्या पागोट्यात मी आहे. ते सगळे सोडून तुला घरच्या ग्रुपवर टाकायला टोपाच्या चाचणीचेच फोटो सापडले? अंगात नुसता बनियन, डोक्यावर खांद्यापर्यंत विस्कटलेला टोप (विगला तिथे टोपच म्हणत), वाढवलेली दाढी, छातीशी पाटी आणि तिच्यावर खडूने ‘बंडखोर, टोप ७’. एकदा समोरून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. टोप कानांवर नीट बसतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यात तू ते मोबाइलवर इतके बारीक पाठवलेस की पाटीवरचा सात तेवढा वाचता येतो.

ग्रुपवर साहेबराव जमादार आहेत, हे तुला ठाऊक नव्हतं म्हणे. प्रीतीचे होणारे सासरे! त्यांचा मिथुन जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत आहे, पोरगा गुणी, प्रीतीने स्वतः पसंत केलेला. साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची होती आणि तुझ्या ताईने हौसेने सगळ्यांना आधीच ग्रुपवर घेऊन ठेवलेलं. साहेबरावांची चौतीस वर्षं पोलिसात गेली. समोरून एक, बाजूने दोन, हातात नंबर, असे फोटो कुणाचे काढतात हे त्यांना सांगावं लागत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने आले, चहा बाजूला सारला आणि हलक्या आवाजात विचारलं, “गुरुजी, कोणत्या सालची केस हाय? सुटले कधी?”

छत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली रे मी. कुणाची खडूची कांडीसुद्धा घरी आणली नाही. शेवटी हे सिनेमाच्या टोपाचे फोटो आहेत असं सांगितलं, तर ते म्हणाले, “मंग सिनेमात दाखवा. रविवारी मिथुनला घेऊन येतो, बराबर बोट ठेवून दाखवा.” आता बोट कुठे ठेवू? तीन दिवस अकरा पोशाख चढवून सिनेमावाल्यांनी मला ‘पत्र येईल’ म्हणून घरी पाठवलं. ते अजून यायचं आहे. हे फक्त मला माहीत होतं, आणि आता पाकिटामागचा ‘नापसंत’ हा शेरा वाचून तुला. गावात आणि घरात मी सेनापतीच आहे, फक्त लढाईच्या धुळीत नीट दिसत नाही, असं सांगत आलोय. तुझ्यामुळे पोरीचं लग्न मोडलं तर तुझं तोंड पाहणार नाही.

तुझा (अत्यंत संतप्त) दाजी,
संपत

ता. क. – राग आपल्या जागी. स्टुडिओच्या कागदावर एक प्रमाणपत्र पाठव: ‘यांची सेनापतीच्या भूमिकेसाठी निवड झाली होती, चित्रपट लांबल्याने प्रसंग कापावा लागला.’ कुरियरने, शनिवारच्या आत. शिक्का हवा, जमादार शिक्का बघतात.

आणखी ता. क. – चिलखतातला फोटो मोठा करून पाठव.

राजा, मी ताई. पत्र स्पीड पोस्टानं टाकायला यांनी माझ्याकडं दिलं, म्हणून खाली लिहून राह्यले. साहेबरावभाऊंना मी कालच फोनवर खरं सांगितलं. खूप हसले, तारीख काढा म्हणाले. रविवारी येतील, प्रमाणपत्र बघतील आन् मान हलवतील, तसं ठरलंय. हे सिनेमात न्हाईत हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं; परतूरला तो परत लागला तवा तीनदा बघून आल्ते. यांना यातलं काही सांगू नको. प्रमाणपत्र ते म्हणतात तसंच लिही. शिक्का ठळक मार.