नळीतला श्वास

३ जानेवारी १९१०, धार
आज दुपारी टांग्याने धारेत पोचलो. जिकडेतिकडे तलाव, हवा गार. गाव पाहून जीव सुखावला. इथल्या एका जहागीरदारांच्या धर्मादाय दवाखान्यात क्लोरोफॉर्म देण्याचे काम मला मिळाले आहे. डॉक्टर जयसिंगराव मोकळ्या स्वभावाचे. रोगी बेशुद्ध झाला की जीभ मागे पडून श्वास कोंडतो. त्यांची सख्खी बहीण अशीच टेबलावर गेली. म्हणून ते दोन साधने ताडून पाहत आहेत: जीभ ओढून धरायचा चिमटा आणि तोंडातून घशापर्यंत घालायची चांदीची वाकडी नळी. सोमवारी आणि गुरुवारी ठरलेल्या शस्त्रक्रिया असतात. कोणते साधन सरस, याची टिपणे मी ठेवायची. दवाखान्यातल्या नर्स उमाबाईंनी पोहे पाठवले. फार चविष्ट.

६ जानेवारी
पहिल्या रोग्याला चिमटा लावला. दातेरी टोके जिभेत रुतली. रक्त आणि लाळ ओघळून माझ्या मनगटापर्यंत आली. शुद्धीवर आला तेव्हा जीभ सुजून ओठांबाहेर लोंबत होती. दुसऱ्याला नळी. श्वास इतका मोकळा, की ऐकत राहावे. नळीच्या तोंडाशी धरलेला कापूस संथ हलत होता. डॉक्टरांना लहान मुलासारखा आनंद झाला.

१० जानेवारी
नळी धुणे माझ्याकडे. तासभर उकळली, तरी आतून बुळबुळीत. बोळा फिरवला तर नासक्या मांसाच्या वासाचा पिवळा चिकटा निघाला. पुन्हा फिरवला, पुन्हा तितकाच. जेवण गेले नाही. उमाबाई म्हणाल्या, माझ्याआधीचे तात्याही असेच तासन्‌तास धूत बसायचे. एक दिवस कोणाला न सांगता निघून गेले.

१३ जानेवारी
हाटपिपल्याचा विणकर रघुजी, मुतखडा. टेबलावर त्याने माझा हात धरून विचारले, "भिया, जागा होईन ना मी?"
मी हो म्हटले.
अर्ध्या तासाने नाडी लागेना. नखे निळी पडली. मी ओरडलो. डॉक्टरांनी कापसाकडे बोट दाखवले. "श्वास चालू आहे. मग मेला कसा?"
दुपारपर्यंत थांबलो. रघुजी ताठला. कापूस हलतच होता. शेवटी मीच नळी उपसली. ताटलीत पडल्यावरही तिच्या तोंडाशी पिवळा बुडबुडा फुगत होता, आत जात होता, फुगत होता.

१७ जानेवारी
रघुजी गेल्यामुळे आजच्या शस्त्रक्रिया रद्द. नळी तलावात फेका, असे मी म्हटले. डॉक्टर म्हणाले, आत काही अडकले असेल, फुंकून पाहा. आणि त्यांनीच ती माझ्या ओठांना लावली. मी फुंकले.
पलीकडून कोणी परत फुंकले.
कोमट, गिळगिळीत काहीतरी जिभेवरून घशात उतरले. बाहेर जाऊन ओकलो. पित्त पडले. ते पडले नाही.
नळी आता अगदी कोरडी, स्वच्छ आहे.

२० जानेवारी
भवानीबाई, छातीची गाठ. बाई बेशुद्ध झाली, मी तिच्यावर वाकलो, आणि ते वर चढू लागले— तिच्या उघड्या तोंडाकडे. मी दात आवळले. आतून दातांवर मऊ काहीतरी दाबत होते. क्लोरोफॉर्मची बाटली उमाबाईंच्या हाती दिली, ताटलीतला चिमटा उचलला आणि माझ्या खोलीकडे पळालो. कडी लावली.
उमाबाई दाराबाहेरून सांगतात, बाई वाचली.

२१ जानेवारी
श्वास रोखून पाहिला. थांबत नाही. नाक दाबले तरी छाती वरखाली होते. माझा नव्हे हा—
भात गिळला. चघळून परत आला. मी चघळला नव्हता.

२२ जानेवारी
डॉक्टर दाराशी आले. म्हणाले, घाबरू नकोस, सोमवारी तुला बेशुद्ध करून घसा पाहू. नको. बेशुद्ध झालो की तोंड उघडे राहील. वर उमाबाई वाकलेल्या असतील—
कोणी आत येऊ नका, एवढे ओरडून सांगितले. आवाज निम्माच माझा—

आरसा खिडकीशी ठेवला. चिमटा घातला. डाव्या हाताने लिहितो आहे.

पकडीत आले. जीभ नव्हे. जीभ बाजूला दिसते आहे.

येते आहे— वीतभर— अजून—

आता तेही ओढते. आत. चिमटा सुटत ना—