सायलीचं शिफारसपत्र

मंगळवार, ७ एप्रिल. संध्याकाळ.

सायलीची निवड झाली नाही. उन्हाळ्यातले दोन महिने बंगळूरच्या प्रयोगशाळेत धातूंवर काम करायला मिळालं असतं. फोनवर तीच मला समजावत होती. "मॅडम, मनाला लावून नका घेऊ. पप्पा म्हणतायत, आता खिळे तरी परत आण."

माझं शिफारसपत्र आत्ता पुन्हा वाचलं. आज्ञाधारक, नियमित, अक्षर सुंदर. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर्स दाखल्यावर असंच लिहायच्या, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. पण ही पोर वर्षभर वडिलांच्या होडीचे खिळे खाऱ्या पाण्यात ठेवून दर आठवड्याला त्यांचं वजन करत होती, कुठला धातू किती गंजतो ते बघायला. माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्या डोळ्यांसमोर. त्या खिळ्यांबद्दल मी एक ओळ लिहिली नाही. का नाही लिहिली? संशोधन करणाऱ्यांना आज्ञाधारक मुलगी कशाला हवी होती?

परीक्षा झाली की ती मिरजोळ्याच्या कारखान्यात नोकरीला लागणार. "पुढच्या वर्षी परत अर्ज भरू या ना," म्हणाली. पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसेल, आणि अर्ज फक्त शिकणाऱ्यांनाच करता येतो. तिला ते ठाऊक नाही. मी "हो, भरू या" म्हणाले.